लग्नघरातील गुप्तहेर

चहा निवू नये म्हणून किटलीवर जी कापसाची जाड टोपी घालतात, तिला टीकोझी म्हणतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळ घरांत मुलींनी हौसेने शिवलेली एखादी टीकोझी फडताळात पडलेली असते. परंतु याच 'कोझी' शब्दाने इंग्रजीत कादंबऱ्यांचा एक वर्ग ओळखला जातो, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. या कादंबऱ्यांत खून असतो, पण तो पडद्याआड होतो. रक्ताचे शिंतोडे वाचकाच्या अंगावर उडत नाहीत. गाव लहान असते, माणसे एकमेकांस ओळखणारी असतात, आणि गुन्ह्याचा छडा लावणारी व्यक्ती पोलीसखात्यातली नसून कोणी मिठाईवाली, कोणी ग्रंथपाल, तर कोणी नुसतीच विणकाम करीत बसलेली म्हातारी असते. आगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल या अशा म्हाताऱ्यांच्या कुलस्वामिनी होत. त्यांची पहिली कादंबरी 1930 साली प्रसिद्ध झाली, आणि सेंट मेरी मीड नावाच्या कल्पित खेड्यात बसून त्यांनी जगातील सर्व दुष्टाव्याची ओळख करून घेतली. खेड्यात जे पाहावयास मिळते तेच मोठ्या प्रमाणावर सर्वत्र घडते, ही त्यांची विचारसरणी.

अलीकडे या वर्गात एक नवी नायिका आली आहे. ती म्हणजे दुसऱ्यांची लग्ने पार पाडून देण्याचा धंदा करणारी बाई. अमेरिकेत लॉरा डरहॅम या लेखिकेने वॉशिंग्टन शहरातील अ‍ॅनाबेल आर्चर नावाची विवाहव्यवस्थापिका कल्पून 2005 साली तिची पहिली कथा प्रसिद्ध केली, आणि त्या वर्षीच्या पदार्पणाच्या कादंबरीस मिळणारे आगाथा पारितोषिक तिला लाभले. लेखिका स्वतःही याच व्यवसायातील. पुढे इतरांनीही हाच धंदा लहान गावांत नेऊन त्यावर कथा रचल्या. या कादंबऱ्या फार थोर वाङ्मय आहे असे आमचे म्हणणे नाही. दुपारी जेवणे आटोपल्यावर माजघरात पडल्या पडल्या वाचावी आणि दिवेलागणीपूर्वी संपवावी, एवढीच त्यांची प्रतिज्ञा असते. पण ही कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली त्याने एक मर्म अचूक हेरले, आणि ते मर्म इंग्रजांपेक्षा आम्हां मराठी माणसांस अधिक परिचयाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लग्नघर म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. एरवी ज्या दोन कुळांचे एकमेकांशी पाण्याचेही देणेघेणे नव्हते, ती चार दिवस एका छपराखाली राहतात. दागिने पेटीतून बाहेर येतात, जुनी भांडणेही येतात. वीस वर्षे न बोललेले दोन भाऊ एका पंक्तीस बसविले जातात. आणि या सर्व गर्दीत, ज्या आत्याबाईंच्या कंबरेला कोठीच्या खोलीची किल्ली असते, त्यांस काय ठाऊक नसते? साखर किती निघाली, तूप कोणी जास्त मागून नेले, नवऱ्या मुलाचा धाकटा मामा सीमांतपूजनास दिसला आणि जेवणास का दिसला नाही, मुलीच्या गळ्यातील गोफ तिचा आहे की शेजारणीचा मागून आणलेला, वरमाईंनी आहेराचे लुगडे हातात घेऊन ते परत ताटात ठेवले तेव्हा त्यांची दृष्टी कोणाकडे होती, हे सारे त्यांच्याजवळ नोंदलेले असते. पोलीस अंमलदारास जे कळावयास आठ दिवस आणि तीस जबान्या लागतील, ते आत्याबाईंस पाने मांडता मांडता कळते. शिवाय त्यांस कोणी काही विचारीत नाही. कोणी संशय घेत नाही. गुप्तहेरास याहून अधिक अनुकूल वेष कोणता?

आणि दप्तरही तयारच असते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून केलेली लग्नाची यादी हा केवढा बहुमोल कागद! देणे काय, घेणे काय, मानपान कोणाचा, खर्च कोणाकडे, हे सर्व त्यात लिहिलेले. 'यादी पे शादी' अशी थट्टा आम्ही करतो खरी, परंतु यादीतील एखादी ओळ निराळ्या शाईत असली तर चतुर लेखकास तेवढ्यावर दोनशे पृष्ठे काढता येतील.

असे असून मराठी रहस्यकथेने या आत्याबाईंकडे ढुंकून पाहिले नाही, याचे आम्हांस नवल वाटते. बाबूराव अर्नाळकर (1906 ते 1996) यांनी एकट्याने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू यांच्या पराक्रमांनी तीन पिढ्यांस वाचनाची गोडी लावली, आणि पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून ती पुस्तके वाचणारी मुले पुढे न्यायाधीश व प्राध्यापक झाली. अर्नाळकरांस नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनीही आपापले वीर निर्माण केले. परंतु हे सर्व वीर पुरुष, त्यांच्या खिशात पिस्तूल, त्यांची धाव मोटारीतून. आणि घर म्हणजे त्यांच्या लेखी तिजोरी ठेवावयाची जागा. त्या घरात स्वयंपाक होतो, मुलींची लग्ने ठरतात, सासवा-सुनांचे मौन असते, याची त्यांस दखल नाही. बंगालीत सुचित्रा भट्टाचार्य यांनी मितिन मासी नावाची संसारी गुप्तहेर निर्माण केली. नवरा, मुलगा, भाची अशा गोतावळ्यात राहून ती आपले काम करते, आणि बंगाली मुले तिच्या कथांची वाट पाहत. आमच्याकडे ती जागा रिकामीच राहिली.

मात्र रहस्यकथेने जे टाळले ते आमच्या नाटकाने फार पूर्वी केले होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. ते बाला-जरठ विवाहाच्या दुष्ट चालीवर आहे हे सर्वांस ठाऊक आहे. (1929 च्या बालविवाहविरोधी कायद्यास 'सारडा कायदा' हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. देवलांच्या नायिकेशी त्याचा संबंध जोडणारे अद्यापि भेटतात, म्हणून हा कंस.) परंतु हेच नाटक एखाद्याने गुप्तहेराच्या दृष्टीने वाचून पाहावे. पैशास हपापलेला बाप कांचनभट, तिसरे पाऊल स्मशानाकडे पडत असता बोहल्यावर चढू पाहणारा भुजंगनाथ, आणि या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित! भद्रेश्वर हा त्या काळचा लग्नाचा व्यवस्थापकच की. कोणाकडे मुलगी आहे, कोणाकडे पैसा आहे, कोणाचे वय किती आणि सांगावयाचे किती, हे त्यास नेमके ठाऊक. आणि मग ऐन लग्नाच्या वेळी, वरवधू सगोत्र असल्याचे उघडकीस येऊन सारा बेत कोसळतो. दडलेली एक गोष्ट, ती जाणणारी माणसे आणि ती न जाणणारी मुलगी: रहस्यकथेस आणखी काय लागते? फक्त एकच उणे, की भेद फोडण्यास धडपडणारा कोदंड शेवटी स्वतःच शारदेचा वर होतो. इंग्रजी कोझीच्या शिस्तीत असा हितसंबंधी गुप्तहेर चालत नाही.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भद्रेश्वराजवळ जे ज्ञान होते तेच आत्याबाईंजवळ असते. दोन्हीकडच्या घरांत मोकळा प्रवेश, उखाळ्यापाखाळ्यांची माहिती, कुळगोत्राची मोजदाद, पैशाचा अंदाज. त्या ज्ञानातून एक जण मुलीचा सौदा करतो आणि दुसरी तिला वाचविते. यांमधील फरक एवढाच, की कळलेली गोष्ट कोणास सांगावयाची हे दोघांनी निरनिराळे ठरविले. लग्नघरातील रहस्यकथा यावर उभी राहते. खुनी कोण, हा प्रश्न त्यानंतरचा.

देवलांच्या नाटकातील तो दुवा मात्र आता शहरांत निकामी झाला आहे. 1946 च्या कायद्याने सगोत्र विवाहांस असलेली आडकाठी दूर केली, आणि आज मंडपात कोणी 'सगोत्र! सगोत्र!' म्हणून ओरडला तर फार तर बॅन्डवाले क्षणभर थांबतील. आता दडविण्याच्या गोष्टी निराळ्या. परदेशातील नोकरी खरी की खोटी, पहिले लग्न मोडले आहे की नुसते विसरले आहे, दम्याची गोळी कोण घेते, कर्ज किती. या गोष्टी आत्याबाईंच्या आटोक्याबाहेर गेल्या, कारण वर बंगळुरास, वधू पुण्यास आणि ओळख यंत्रावर. म्हणून मग पगारी गुप्तहेर आले.

त्यांत एक मराठी बाई आहेत, आणि त्यांची हकीकत कोणत्याही कादंबरीस लाजविणारी आहे. श्रीमती रजनी पंडित यांस महाराष्ट्रातील, किंबहुना भारतातील पहिल्या महिला खाजगी गुप्तहेर म्हणून ओळखतात. त्यांचे वडील पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण खात्यात होते, आणि त्यांनी स्वतः मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात मराठी वाङ्मयाचा अभ्यास केला. 1991 पासून त्यांची स्वतःची संस्था आहे. एका खुनाच्या तपासासाठी आपण संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राहिलो, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. पोटात सुरी घेऊन फिरणारा काळापहाड एका बाजूस, आणि सहा महिने दुसऱ्याची भांडी घासणारी ही बाई दुसऱ्या बाजूस! आमच्या मते धैर्याचा विडा कोणाच्या पुढे ठेवावयाचा याविषयी शंका नसावी. लग्नापूर्वी वराची वा वधूची चौकशी करणे हे अशा संस्थांच्या नित्याच्या कामांपैकी एक होय.

येथे आमच्या वाचककुटुंबांस एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. चौकशी करण्यात वावगे काहीच नाही; ती न करता मुलगी देणारा बाप निष्काळजी होय. पण आमच्याकडे चौकशीचे वजनकाटे दोन आहेत. मुलाचा पगार तपासतात आणि मुलीचे चारित्र्य तपासतात. मुलाने कॉलेजात काय केले हे विचारणे असभ्य, आणि मुलगी कोणाबरोबर सिनेमास गेली होती हे विचारणे कर्तव्य! शिवाय पैसे देऊन मिळविलेली माहिती ज्याने पैसे दिले त्याचीच होते. जिच्याविषयी ती मिळविली तिला तिचा पत्ताही नसतो. खाजगी गुप्तहेरांच्या धंद्यास नियम घालून देण्याकरिता 2007 साली राज्यसभेत विधेयक आले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा आजही भद्रेश्वर आणि आत्याबाई यांमधील सीमारेषा ज्याच्या त्याच्या मनोदेवतेवर सोपविलेली आहे.

गोत्राचा दुवा शहरांत निकामी झाला असे आम्ही वर म्हटले. परंतु महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस तो तसा झालेला नाही. म्हणूनच अशी कादंबरी मराठीत कोणी लिहावयास घेतलीच, तर तिचे स्थळ पुणे किंवा सांगली न ठेवता गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड ठेवावे अशी आमची सूचना आहे.

सूरजागड हे नाव वाचकांनी लोखंडाच्या खाणीमुळे वर्तमानपत्रांतून वाचले असेल. हा डोंगर एटापल्ली तालुक्यात आहे. 1982 पूर्वी हा सर्व मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि परंपरेने या इलाख्यातील म्हणून गणलेली सत्तर गावे तीस येतात. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. त्याच डोंगराच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. सुमारे 348 हेक्टरांचा खाणपट्टा 2007 साली एका कंपनीस मिळाला. 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील ऐंशीच्या आसपास वाहने जाळली. 2021 पासून मात्र काम जोराने सुरू आहे, आणि आलापल्लीच्या सागवानी रानातून जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींची रांग तुटत नाही.

गोंडांच्या लग्नाचा पाया देवांच्या संख्येवर आहे. काही कुळे चार देवांची, काही पाच, काही सहा, काही सात. ज्यांच्या देवांची संख्या एक, ते परस्परांचे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होऊ शकत नाही, मग घरे शंभर कोस दूर का असेनात. आडनाव सांगितले की जाणत्यास देव कळतात आणि देव कळले की मुलगी मागावयाची की बहीण म्हणावयाचे, हे ठरते. सीमेपलीकडील बस्तरच्या मारियांविषयी ग्रिगसन यांनी 1938 साली जो ग्रंथ लिहिला त्यातही हीच व्यवस्था दिसते. तेथे काही कुळे 'दादाभाई' म्हणजे भावांची आणि काही 'अकोमामा' म्हणजे सोयऱ्यांची. आमच्या गोत्रप्रवरांशी याचे केवढे साम्य! आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींस, सरकारने तसे निराळे जाहीर केल्यावाचून, लागू होत नाही. तेथे रूढी हीच कायदा आहे. म्हणजे देवलांच्या मंडपात जो शब्द विजेसारखा पडला, तो सूरजागडच्या मंडपात आजही तसाच पडेल.

इतर बाबतींत मात्र आमच्या भगिनींनी कान टवकारावे अशा उलट गोष्टी आहेत. आमच्याकडे हुंडा मुलीचा बाप देतो. गोंडांत मोल मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यावयाचे असते. तेवढी ऐपत नसेल तर मुलगा भावी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबतो. अशा जावयास लमसेना म्हणतात. अनेक शाखांत वऱ्हाड मुलीकडून निघते आणि लग्न मुलाच्या गावी लागते. वरमाईचा तोरा, रुखवत, जावयाचे रुसणे, हा आमचा सर्व संसार तेथे पालथा होतो, आणि मोहाची दारू व रेला नाच यांवाचून मांडव मांडवच नव्हे.

आता कल्पना करावी, की एटापल्लीच्या बाजारात एका माडिया बाईने लग्नाचे सामान भाड्याने देण्याचे दुकान काढले आहे. कापडी मांडव, मोठी पातेली, दिवे, गाणी वाजविण्याचे यंत्र. खाणीमुळे गावात रोख पैसा आला आहे आणि लग्ने पूर्वीपेक्षा थाटाची होऊ लागली आहेत. बाईस सत्तर गावांतील प्रत्येक कुळाचे देव पाठ, कारण पातेली कोणास द्यावयाची हे ती आडनावावरूनच ठरविते. अशा वेळी परमुलखातून आलेला एक ठेकेदार गावातील मुलीस मागणी घालतो. तो गोंडच आहे, असे सांगतो. आडनाव सांगतो, देवांची संख्याही सांगतो. मागितले त्याहून अधिक मोल देऊ करतो. मुलीच्या बापास आनंद होतो. बाईस मात्र एवढेच खटकते, की त्याने देव सांगताना बोटे मोजली.

यात डाव कोणता, हे शहरी वाचकाच्या चटकन ध्यानात यावयाचे नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस सरकारच्या परवानगीवाचून घेता येत नाही, असा महाराष्ट्राचा जमीनमहसुलाचा कायदा आहे. पण पत्नी आदिवासी असेल आणि जमीन तिच्या नावावर राहील, तर परवानगी कोण मागतो? लोखंडावरून वाहतूक करणाऱ्या रस्त्याकाठी पाच एकर, आणि कागदावर एका मुलीचा अंगठा! सूरजागडास असे कोणी केले आहे असा आमचा आक्षेप मुळीच नाही. कादंबरीस हेतू लागतो आणि तो मातीतून उगवलेला असावा, एवढेच आमचे म्हणणे. येथे खून झालाच तर तो जुन्या एखाद्या गायत्याचा होईल, ज्यास त्या आडनावाचे खरे देव ठाऊक होते.

बाईपुढील पेच मात्र खरा आहे. तिने तोंड उघडले तर मोल परत द्यावे लागेल, आणि बापाने ते केव्हाच खर्चून टाकले असेल. मुलीस तो मनुष्य आवडलाही असेल. इंग्रजी कादंबऱ्या या शक्यतेकडे सोयीस्करपणे काणाडोळा करतात. लबाड मनुष्य प्रेमळ असू शकतो, आणि अठरा वर्षांची मुलगी आपले मन जाणू शकते. सत्य प्रथम कोणाकडे न्यावयाचे? बापाकडे, जातपंचायतीकडे, फौजदाराकडे की मुलीकडे? भद्रेश्वराने यांपैकी पहिल्याकडेच धाव घेतली असती, त्यातही किंमत ठरवून. आमच्या मते बाईने एखाद्या संध्याकाळी त्या मुलीस पातेली मोजावयास मदतीला बोलवावे आणि मोजता मोजता तिला सांगावे. पुढे लग्न होवो अगर न होवो, ते मुलीने ठरवावे. कादंबरीचे ते सर्वांत कठीण प्रकरण होईल.

शेवटच्या प्रसंगास स्थळ आयतेच आहे. हर्क्यूल पॉयरो साऱ्या संशयितांस दिवाणखान्यात जमवून भेद फोडतो. सूरजागडास दिवाणखान्याची गरज नाही. जानेवारीत ठाकुरदेवाच्या डोंगरावर सत्तर गावे आपण होऊन जमतात, आणि तेथे खोटे देव सांगणाऱ्या माणसास उभे राहून आपले कूळ सांगावे लागले तर त्याची काय अवस्था होईल, याचे वर्णन सामर्थ्यवान लेखकानेच करावे.

अडचण आहे ती एवढीच, की हे सारे संभाषण माडिया भाषेत व्हावयाचे. डॉक्टर प्रकाश आमटे आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे 1973 नंतर शेजारच्या भामरागडच्या रानात हेमलकशास राहावयास गेले, तेव्हा रोग्याचे दुखणे समजण्यासाठीही त्यांस प्रथम माडिया शिकावी लागली. आमच्या ओळखीच्या रहस्यकथाकारांपैकी कोणी मे महिन्याच्या सुटीत एटापल्लीस जाऊन राहण्यास तयार असेल, तर त्याने लग्नसराईतच जावे, आणि पोलीस ठाण्यात चौकशी करीत बसण्यापेक्षा मांडवाच्या दुकानात पातेली मोजावयास बसावे.